आमसुलांना हवे विदर्भाचे ऊन

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले गाव. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. इकडच्या जेवणाला आंबटपणा येतो तो चिंचेचा, कैरीचा, नाही तर अंबाडीचा. त्यामुळे येथला एखादा विद्यार्थी सहलीच्या निमित्ताने प्रथमच कोकणात गेला आणि त्याच्यापुढे गुलाबी सोलकढीची वाटी आली, तर तो जरा बिचकतो. भीतभीत एक घोट घेतो आणि थोड्या वेळाने वाटी पुन्हा पुढे करतो!

असे पाहुणे कोकणात आता पुष्कळ येतात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. खेड्यातील घरे आणि बागा पाहुण्यांसाठी उघडल्या, आणि समुद्राबरोबरच तेथले खाणेपिणे हेही प्रवासाचे एक आकर्षण ठरले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मात्र यात एक अडचण आहे. पाहुणे येतात ते बहुधा दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत. कोकमाचे फळ पिकते एप्रिल ते जून या काळात. म्हणजे उन्हाळ्यातले फळ हिवाळ्यापर्यंत टिकवायला हवे. ते कसे टिकवतात, आणि त्यात भौतिकशास्त्राचा काय संबंध, हे आपण पाहू.

कोकमाच्या पिकलेल्या फळाला रातांबा म्हणतात. तो फोडून बिया व गर वेगळा करतात. उरलेल्या सालींना फळाच्याच आंबट रसात बुडवून उन्हात वाळत घालतात. वाळल्या की पुन्हा रस, पुन्हा ऊन. असे अनेकदा केल्यावर काळसर, चिवट आमसूल तयार होते. पाणी निघून गेले आणि आम्ल व मीठ उरले की त्यात बुरशीचा शिरकाव सहजी होत नाही.

म्हणजे सगळी मदार उन्हावर. आणि नेमका येथेच घोटाळा होतो. झाडावरची बरीच फळे मे महिन्याच्या अखेरीस पिकतात, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस हजर! वळिवाची एक सर आली तरी अंगणातल्या साली भिजतात, त्यांना बुरशी लागते आणि वर्षाची कमाई हातची जाते.

तुम्ही म्हणाल, मग मे महिन्यातच भराभर का वाळवत नाहीत? आमच्याकडे तर कुरडया आणि पापड बघता बघता कडकडीत होतात! याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते.

कोणत्याही तापमानाला हवेत पाण्याची वाफ एका ठराविक मर्यादेपर्यंतच मावते. त्या मर्यादेच्या दाबाला संपृक्त बाष्पदाब म्हणतात. प्रत्यक्ष बाष्पदाब त्याच्यापेक्षा जितका कमी, तितकी हवा ‘तहानलेली’, आणि तितके बाष्पीभवन जलद.

समजा, कोकणात मे महिन्याच्या दुपारी तापमान ३३° सें. आहे आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे. ३३° सें.ला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याचा सुमारे ३८ मि.मी. असतो. त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे २६.५ मि.मी. तेव्हा हवेची तहान उरली ११.५ मि.मी.

आता रोहिणखेडला समजा तापमान ४२° सें. आणि आर्द्रता २० टक्के आहे. ४२° सें.ला संपृक्त बाष्पदाब सुमारे ६१.५ मि.मी. त्याचे २० टक्के १२.३ मि.मी. तहान उरली सुमारे ४९ मि.मी.! म्हणजे कोकणच्या चौपटीहून अधिक. वारा व ऊन सारखेच धरले तरी इकडची कुरडई लवकर वाळते ती यामुळे.

मग रातांब्यांच्या साली आगगाडीत घालून विदर्भात आणाव्यात काय? तशी गरज नाही. कोकणातलीच ती दमट हवा बंद पेटीत घेऊन ५०° सें.पर्यंत तापवली तर काय होते पाहा. हवेतली वाफ तेवढीच, म्हणजे बाष्पदाब २६.५ मि.मी. परंतु ५०° सें.ला संपृक्त बाष्पदाब असतो सुमारे ९२.५ मि.मी. आर्द्रता आपोआप २९ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि तहान झाली ६६ मि.मी. विदर्भातल्या मे महिन्यावरही ताण!

सौर वाळवणी यंत्राचे तत्त्व नेमके हेच. काचेखाली काळा रंगवलेला पत्रा बसवतात. तो उन्हाने तापतो आणि त्याच्यावरून जाणारी हवा तापवतो. ती हलकी झालेली हवा वर चढते, जाळीवर पसरलेल्या सालींमधून जाते आणि ओलावा घेऊन वरच्या नळकांड्यातून बाहेर पडते. वरची वाट बंद केली तर आतली हवा लवकरच संपृक्त होईल आणि वाळणे थांबेल. शिवाय साली झाकलेल्या असल्याने धूळ, माश्या आणि अवचित येणारी सर यांपासून बचाव होतो.

या यंत्राला मर्यादाही आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. भर दुपारी स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १००० जूल ऊर्जा पडते. ती सगळी कामी आली तरी एक किलो पाण्याला ४० मिनिटे लागतील. निम्मीच कामी आली तर ८० मिनिटे. आकाश भरून आले की हा हिशेब कोलमडतो. म्हणून ढगाळ दिवसांसाठी लाकूडफाट्याची किंवा विजेची जोड द्यावी लागते. फार तापवूनही भागत नाही, कारण कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि प्रकाशाने हळूहळू नष्ट होतो.

हा रंग अँथोसायनिन जातीच्या द्रव्यांचा असतो, आणि ती द्रव्ये लिटमससारखी दर्शकाचे काम करतात. कोकम सरबताचे काही थेंब बशीत घेऊन त्यात चिमूटचिमूट खाण्याचा सोडा घाला. प्रथम फसफसून कार्बन डायऑक्साइड निघेल. आम्ल संपत आले की लाल रंग पालटून जांभळट, पुढे निळसर-हिरवट होऊ लागेल. सरबतात केवळ कृत्रिम लाल रंग असेल तर सहसा असा पालट दिसत नाही. अर्थात रंग पालटला एवढ्यावरून ते कोकमच आहे असे म्हणता येणार नाही, कारण जांभळातही अँथोसायनिन असते. प्रयोगातले सरबत पिऊ नका.

शिक्षकांनी वर्गाकडून आणखी एक प्रयोग करून घ्यावा. कैरीच्या सारख्या जाडीच्या फोडी करून त्यांचे समान वजनाचे दोन भाग करावेत. एक भाग उघड्या ताटात, दुसरा काळ्या रंगवलेल्या, वर काच लावलेल्या आणि खाली-वर भोके असलेल्या खोक्यात ठेवावा. दोन्हींचे वजन दर तासाला करून आलेख काढावा. शेजारी दोन तापमापके ठेवून एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे. दोन्हींच्या वाचनातला फरक जितका मोठा, तितकी हवा तहानलेली. हा प्रयोग मे महिन्यात एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर उघडीप पाहून पुन्हा करावा. पावसाळ्यातला आलेख हाती आला, म्हणजे कोकणातल्या घरोघरी मेअखेरीस कसली घाई चालते ते निराळे सांगावे लागणार नाही.