चव घेऊन प्यावे

वैशाखातील दुपार कलू लागली की अंबड तालुक्यातील अंकुशनगरात एक निराळीच शांतता पसरते. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम आटोपलेला असतो, उसाने भरलेल्या गाड्यांची वर्दळ थांबलेली असते आणि घरोघरीची वडीलधारी मंडळी सावली धरून बसलेली असतात. अशा वेळी सून विचारते, “आबा, पाणी आणू का?” आबा उत्तरतात, “नको ग, तहान नाही.”

वाचकहो, हे उत्तर खोटे नसते; परंतु ते फसवे असते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाण्याचा साठा तरुणपणापेक्षा कमी झालेला असतो आणि पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडाची शक्तीही उतरलेली असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणखी वेगाने बाहेर पडते. म्हणजे शरीराला पाणी हवे असते, पण तसा निरोपच मनापर्यंत पोहोचत नाही. याखेरीज एक न बोललेले कारणही असते. गुडघे दुखतात, शौचालय अंगणाच्या टोकाला असते आणि रात्री उठण्याची धास्ती वाटते; म्हणून कित्येक आजी संध्याकाळपासून पेला हातातच धरत नाहीत.

तहान बोलावीत नसेल, तर चवीने बोलवावे, असे सुचवावेसे वाटते. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वाइनची चव घेण्याची एक रीत पाहुण्यांना शिकवली जाते. आधी पेल्यातील रंग उजेडात पाहावा, मग गंध घ्यावा, लहानसा घोट जिभेवर घोळवावा आणि जे जाणवले ते सोबत्यांना सांगावे. ही रीत उत्तम आहे. तिच्यासाठी मद्यच हवे असे मात्र नाही. चार-पाच समवयस्कांनी सायंकाळी पाचच्या सुमारास एकत्र बसावे, लहान पेल्यांतून दोन-तीन पेये आळीपाळीने चाखावीत आणि नातवंडाने प्रत्येकाचे मत वहीत टिपून घ्यावे. गप्पांच्या ओघात दोन-तीन पेले सहज पोटात जातात.

अशा वहीत काय उतरू शकेल, त्याचा हा नमुना.

कैरीचे पन्हे. गुळाचे असल्यास रंग मधासारखा. प्रथम वेलची जाणवते, मग आंबटपणा गालांच्या आतून पाणी सोडवतो. उकडलेल्या कैरीचे पन्हे सौम्य लागते. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा मंद वास असतो. मधुमेह असल्यास गूळ टाळून जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घातलेले पन्हे घ्यावे.

मठ्ठा. आले, कोथिंबीर व भाजलेल्या जिऱ्याचा गंध आधी येतो, आंबटपणा मागाहून. वयाबरोबर घ्राणशक्ती आणि रुची दोन्ही बोथटतात, म्हणून आजोबा वरून मीठ मागतात. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाऐवजी जिरे आणि पुदिना वाढवावा; चव भरून निघते.

उसाचा रस. या परिसराचे हे घरचेच पेय. आले-लिंबू पिळलेला ताजा रस हिरवट सोनेरी दिसतो; ठेवला की काळवंडतो, म्हणून लगेच प्यावा. त्याच्या एका पेल्यात साधारण पाच-सहा चमचे साखर असते, हे मधुमेही वाचकांनी विसरू नये. बाहेरचा बर्फ घालू नये.

आमसुलाचे सरबत. रंगाने थेट लाल वाइनची आठवण करून देणारे. जिभेच्या कडांवर तुरटपणा रेंगाळतो. बाटलीतील तयार अर्कात साखर पुष्कळ असते. त्यापेक्षा आमसुले घरीच भिजवावीत.

आता प्रत्यक्ष वाइनविषयी. द्राक्षे आपल्या जिल्ह्याला परकी नाहीत. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. सुटीवर आलेला मुलगा एखादी बाटली आणतो आणि “बाबा, ही तब्येतीला चांगली असते,” असे सांगतो. येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतो. वृद्ध शरीरात पाणी कमी असल्याने तेवढ्याच पेल्याचा अंमल अधिक चढतो, लघवी वाढते आणि तोल जाण्याचा धोका असतो. झोपेच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी मद्याचा विपरीत संयोग होऊ शकतो. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून औषध समजून वाइन सुरू करू नये. ज्यांना पूर्वीपासून सवय आहे, त्यांनी ती डॉक्टरांपासून लपवू नये आणि उन्हातून आल्यावर किंवा उपाशीपोटी तर मुळीच घेऊ नये.

सेवा करणाऱ्यांसाठी काही सूचना. दिवसभराचे बहुतांश पाणी सायंकाळपर्यंत पोटात जाईल असे पाहावे आणि झोपण्यापूर्वीचे दोन तास घोटभरावर भागवावे; म्हणजे रात्री उठण्याची धास्ती कमी होते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असल्यास तेच पाळावे. या पेयांचीही गणना त्यात करावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शहाळेही विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

लघवी गडद व थोडी होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना चक्कर येणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे होत. एरवी नीट बोलणारी व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत गेली, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आज सायंकाळी आबांना “तहान लागली का?” असे विचारू नका. दोन लहान पेले त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, “आबा, जरा चाखून सांगा ना, यातले कोणते पन्हे चांगले जमले आहे?” आपले मत कोणीतरी मागितले, या आनंदातच दोन्ही पेले रिकामे होतील.