रेक्झिनवरचा बुरा कसा काढावा?

खानापूर भागात काय किंवा गोव्यात काय, पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मग खुर्चीची गादी, मोटारसायकलची सीट, रेक्झिनची पिशवी यांवर काळे-हिरवे ठिपके उठतात. हा बुरा म्हणजे एक प्रकारची बुरशीच होय. रेक्झिनचा वरचा थर विनाइलचा असतो. त्यावर बसलेली धूळ, घाम व तेलकटपणा यांवर ती पोसते आणि ओल मिळताच पसरते. तिच्या बीजकणांनी दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, म्हणून ती वेळीच काढावी.

वस्तू पडवीत आणावी. बुरा कोरडा झटकू नये. बीजकण हवेत उडतात. नाकाला फडके बांधून, साबणाच्या कोमट पाण्याने व मऊ ब्रशाने घासावे आणि ओल्या फडक्याने पुसावे. डाग थोडे असतील तर पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून लावावा व अर्ध्या तासाने पुसावा.

तरीही डाग राहिले तर व्हिनेगर स्वच्छ धुऊन काढावे आणि दुसऱ्या दिवशी ब्लीच वापरावे. एक लिटर पाण्यात घरगुती ब्लीचचे चार मोठे चमचे, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर, पुरे. हातांत रबरी मोजे घालावेत. रंग उडतो का, हे आधी आतल्या कोपऱ्यावर पाहावे. दहा मिनिटांनी दोनदा पाण्याने पुसून वस्तू सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हाने विनाइल ताठर होऊन तडकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया मिसळल्यानेही विषारी वायू होतो. गोठ्यातील मूत्रातही अमोनिया असतो, म्हणून उरलेले पाणी तेथे ओतू नये. दोन औषधे मिळून काम दुप्पट होईल, ही समजूत जिवावर बेतू शकते. वायूने खोकला सुटला, डोळे झोंबू लागले तर काम टाकून लगेच मोकळ्या हवेत यावे. डोळे पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि दम लागत असेल तर तडक डॉक्टरांकडे जावे.

ब्लीच सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, खते व कीटकनाशके यांपासून दूर ठेवावे.

आणि बुरा पुन्हा येऊ नये म्हणून? खुर्च्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ओल हटली की बुरा हटला.