परदेशातून रेप्लिका घड्याळ मागवताय? ऑर्डर देण्याआधी हे गणित करा



इम्पोर्टच्या विषयावर बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. "सर, परदेशी वेबसाइटवर फर्स्ट कॉपी घड्याळं अडीच हजारात मिळतात. दहा मागवली आणि इन्स्टाग्रामवर साडेचार हजाराला विकली तर?"

प्रश्न विचारणाऱ्याची चूक नाही. कागदावर हा धंदा मस्त दिसतो. माल छोटा, वजन कमी, ठेवायला एक कपाट पुरतं आणि मार्जिन जवळपास दुप्पट. पण धंद्यात एक साधा नियम लक्षात ठेवा. एखादी वस्तू असायला पाहिजे त्यापेक्षा खूपच स्वस्त मिळत असेल, तर तिचा उरलेला खर्च कोणीतरी दुसरा उचलत असतो. रेप्लिकाच्या धंद्यात तो दुसरा कोण, हे आज नीट बघू.

आधी शब्द समजून घ्या

बाजारात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात.

१. रेप्लिका, म्हणजेच फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन-ए वगैरे. यात डायलवर दुसऱ्या कंपनीचं नाव आणि लोगो असतो. रोलेक्स लिहिलेलं असतं, पण रोलेक्सने बनवलेलं नसतं. "मास्टर कॉपी", "सुपर क्लोन" हे दर्जे कोणत्याही संस्थेने ठरवलेले नाहीत. विक्रेत्याने किंमत वाढवायला लावलेली ती लेबलं आहेत.

२. होमाज. यात प्रसिद्ध घड्याळासारखी ठेवण असते, पण डायलवर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं. हे रेप्लिकात मोडत नाही. तरीही एखादं डिझाइन किंवा आकार नोंदणीकृत असेल तर वाद होऊ शकतो.

३. बिननावाचं किंवा व्हाइट लेबल घड्याळ. कारखाना घड्याळ बनवतो आणि डायलवर तुमचं नाव छापून देतो.

हे तीनही प्रकार बऱ्याचदा एकाच बाजारातून येतात. चीनमधल्या गुआंगझू शहरात रेल्वे स्टेशनजवळ झानशी रोडचा घड्याळ बाजार आहे. तिथे रेप्लिकाही मिळतात आणि सरळ मार्गाचा मालही मिळतो. म्हणजे "चीनचा माल" हा मुद्दाच नाही. डायलवर कोणाचं नाव आहे, हा मुद्दा आहे.

परदेशी विक्रेता जोखीम तुमच्याकडे कशी ढकलतो

रेप्लिका विकणाऱ्याची पद्धत बघा, म्हणजे किंमत कमी का ते कळेल.

*पेमेंट.* तो कार्ड टाळतो. क्रिप्टोत द्या, नाहीतर अमक्याच्या खात्यात टाका, असं सांगतो. कारण कार्डाचं पेमेंट असेल तर तुम्ही बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकता. क्रिप्टोत गेलेला पैसा परत बोलावता येत नाही.

*फोटो.* पाठवण्याआधी तो फोटो दाखवतो. फोटोत डायल दिसतो, आतलं मशीन दिसत नाही. वर जपानी मशीन सांगितलेलं असतं, आत काय बसवलंय ते घड्याळजीने मागचं झाकण उघडल्यावरच कळतं.

*कागदपत्रं.* "इनव्हॉइसवर पाच डॉलर लिहितो, गिफ्ट म्हणून पाठवतो, कस्टमचं टेन्शन नाही." हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. कमी किंमत दाखवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि पार्सलवर नाव तुमचं असतं. शिवाय डिसेंबर २०१९ पासून परदेशातून पोस्टाने किंवा कुरियरने "गिफ्ट" म्हणून येणाऱ्या मालाची जुनी सवलत सरकारने बंद केली आहे. राखी आणि जीवनरक्षक औषधं एवढेच अपवाद उरले. म्हणजे विक्रेता तुम्हाला जी युक्ती सांगतोय, ती मुळात चालतच नाही.

*वॉरंटी.* नसतेच. घड्याळ बंद पडलं तर मूळ कंपनीचं सर्व्हिस सेंटर ते हातात घेणार नाही आणि परदेशी विक्रेत्याला परत पाठवायचं तर माल पुन्हा सीमेवरून न्यायचा.

आता जोडून बघा. पैसे बुडण्याची जोखीम तुमची, मशीनची तुमची, कस्टमची तुमची, गिऱ्हाइकाची तुमची. त्याने फक्त माल पाठवला आणि पैसे घेतले. अडीच हजार ही घड्याळाची अर्धीच किंमत आहे, बाकीची तुम्ही नंतर भरता.

कायदा काय म्हणतो

इथे बऱ्याच जणांचा एक ठाम गैरसमज असतो. "मी तर स्पष्ट सांगतो की कॉपी आहे. गिऱ्हाईक फसत नाही, मग गुन्हा कसला?"

गिऱ्हाईक फसलं की नाही हा वेगळा प्रश्न. ट्रेडमार्क ज्याचा आहे, त्याच्या परवानगीशिवाय त्याचं नाव लावलेला माल तुम्ही विकताय, हा इथला प्रश्न आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०४ प्रमाणे खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं किंवा विक्रीसाठी जवळ ठेवणं याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर शिक्षेची सुरुवातच १ वर्ष आणि १ लाखापासून होते. हा गुन्हा दखलपात्र आहे.

या कायद्यात विक्रेत्याला बचावाची एक वाट आहे. मी पुरेशी काळजी घेतली होती, माल खोटा असल्याचा संशय यायला कारण नव्हतं, हे सिद्ध करायचं आणि माल कोणाकडून घेतला तेही सांगायचं. आता गंमत बघा. ज्याने स्वतःच्या जाहिरातीत "फर्स्ट कॉपी" लिहिलंय, त्याला "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोयच राहिली नाही. प्रामाणिकपणा म्हणून लिहिलेले ते दोन शब्द त्याच्याच विरुद्ध पुरावा होतात.

आणि "एवढ्याशा ऑनलाइन विक्रेत्याच्या मागे कोण लागतंय?" असंही समजू नका. कार्तिए आणि आणखी काही घड्याळ कंपन्यांनी रेप्लिका विकणाऱ्या एका भारतीय वेबसाइटवर दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई द्यायला सांगितली.

कस्टमचं म्हणाल, तर २००७ पासून वेगळे नियम आहेत. कंपनी आपला ट्रेडमार्क कस्टमकडे नोंदवून ठेवते. संशयास्पद माल आला की अधिकारी तो अडवतात आणि कंपनीला कळवतात. माल खोटा ठरला तर जप्त होतो आणि साधारणपणे नष्ट केला जातो. "नको असेल तर परत पाठवा" असं होत नाही. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या लहानशा, बिगरव्यापारी पार्सलला हे नियम लागू होत नाहीत. पण दहा सारखी घड्याळं आणि वर तुमचं इन्स्टाग्राम पेज, याला वैयक्तिक वापर कोण म्हणेल?

आता गणित करू

समजा, दहा घड्याळं प्रत्येकी २,५०० ला घेतली. गुंतवणूक २५,०००. विक्री ४,५०० ने, म्हणजे एका घड्याळामागे २,००० सुटतात. दहा विकली तर २०,०००.

आता एकच पार्सल अडकलं असं धरा. २५,००० गेले. ते भरून काढायला पुढच्या खेपेतली १३ घड्याळं विकावी लागतील. त्या तेरांवर तुम्ही रुपयाही कमावणार नाही, नुसता खड्डा बुजवणार. त्यात दोन बंद पडली आणि गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले तर? तुम्ही नकार देऊ शकत नाही, कारण तो पोलिसात गेला तर अडचण तुमचीच आहे.

अजून एक नुकसान आहे, ते वहीत दिसत नाही. दोन वर्षं रेप्लिका विकून तुमच्याकडे काय जमा होतं? बिल नाही, जीएसटीचे कागद नाहीत, बँकेला दाखवायला उलाढाल नाही, स्वतःचा ब्रँड नाही. अकाउंट बंद झालं की सगळं शून्यावर. गिऱ्हाइकाला तुमचं नाव आठवतच नाही, त्याला डायलवरचं नाव आठवतं.

मग पहिली ऑर्डर कशी द्यायची?

घड्याळांची आवड आहे ना? मग तोच बाजार वापरा, फक्त मार्ग बदला. नाव स्वतःचं लावा.

पायरी १: आयईसी काढा. आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या वेबसाइटवर मिळतो. सरकारी फी ५०० रुपये. पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा लागतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ऑनलाइन अपडेट करायची असते, ती विसरू नका.

पायरी २: साधं ॲनालॉग घड्याळ निवडा. स्मार्टवॉचचा मोह पहिल्या ऑर्डरला नको. त्याला बीआयएस नोंदणी लागते, वायरलेससाठी वेगळी मान्यता लागते.

पायरी ३: तीन पुरवठादारांकडून एकेक सॅम्पल मागवा. तिघांना हेच प्रश्न विचारा: मशीन कोणत्या कंपनीचं आणि मॉडेल नंबर काय? केस स्टेनलेस स्टीलची की अलॉयची? माझं नाव छापायला कमीत कमी किती नग? खराब निघालेल्या नगांचं काय? उत्तरं लेखी घ्या. "बेस्ट क्वालिटी सर" हे उत्तर धरायचं नाही.

पायरी ४: सॅम्पल तपासा. फोनच्या घड्याळाशी वेळ जुळवा आणि सात दिवस ठेवा. साध्या क्वार्ट्झ मशीनला महिन्याला साधारण २० सेकंद फरक चालतो, म्हणजे आठवड्याला पाचेक सेकंद. चावी वीस वेळा ओढून-दाबून बघा. पट्ट्याच्या पिना ओढून बघा. तुम्ही स्वतः आठवडाभर घामात घाला, पॉलिश उतरतं का ते कळेल. "३ एटीएम" लिहिलं असेल तर हात धुताना उडणारं पाणी चालेल, पोहायला ते घड्याळ नाही. गिऱ्हाइकालाही तसंच सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॅम्पल गल्लीतल्या घड्याळजीकडे न्या. मागचं झाकण उघडायला सांगा. मियोटा २०३५ सांगितलं असेल तर आत तेच आहे का? त्याला थेट विचारा: "हे बिघडलं तर तुम्ही दुरुस्त कराल का? मशीन मिळेल का?" तो हो म्हणाला तर तुमची वॉरंटी देण्याची सोय झाली. त्याच्याशी दर ठरवून ठेवा.

पायरी ५: घरपोच खरी किंमत काढा. समजा, भाडं आणि विमा धरून एका घड्याळाची किंमत १,००० रुपये आहे. गणित समजावं म्हणून मूळ कस्टम ड्युटी २० टक्के धरू, म्हणजे २००. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, २० रुपये. झाले १,२२०. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, सुमारे २२०. एकूण १,४४०. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचे २२० पुढे क्रेडिट म्हणून मिळतात, नसेल तर तो तुमचा खर्च. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यात सीएचएकडून चालू दर घ्या आणि बिल ऑफ एन्ट्रीची प्रत जपून ठेवा. यावर पॅकिंग, इथलं कुरियर, जाहिरात आणि परत येणारे नग जोडा. मगच विक्रीची किंमत ठरवा.

पायरी ६: बॉक्सवर लेबल लावा. आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, एमआरपी, महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीचा फोन-ईमेल. लीगल मेट्रॉलॉजीच्या नियमांत हे बंधनकारक आहे.

पायरी ७: नाव नोंदवा. घड्याळं ट्रेडमार्कच्या वर्ग १४ मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. उद्या कोणी तुमचीच कॉपी काढली तर हाच कायदा तुमच्या बाजूने उभा राहील.

"पण बिननावाचं घड्याळ घेणार कोण?"

रास्त शंका आहे. जयपूर वॉच कंपनी बघा. त्यांनी जुनी नाणी डायलमध्ये बसवली आणि त्यातून स्वतःची ओळख तयार केली. मोठ्या नावाची नक्कल करण्याऐवजी सांगण्यासारखी गोष्ट शोधली. तुमच्याकडे काय आहे? मराठी अंकांचा डायल? गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी पन्नास घड्याळं? पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला सभासदांना भेट? अशा ऑर्डरीत गिऱ्हाईक रोलेक्स मागतच नाही. त्याला स्वतःचं नाव डायलवर पाहिजे असतं.

आधीच पैसे पाठवले असतील तर?

घाबरू नका, पण थांबा. दुसरा हप्ता पाठवू नका. "कस्टममध्ये अडकलंय, अजून पैसे टाका" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपा, बँकेला लगेच कळवा आणि फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर कराल तितके पैसे मिळणं अवघड.

आजचा गृहपाठ

वहीत दोन रकाने करा. डावीकडे रेप्लिकाच्या दहा घड्याळांचा हिशोब, उजवीकडे स्वतःच्या नावाच्या दहा घड्याळांचा. दोन्हीकडे शेवटी एक ओळ लिहा: "पार्सल अडलं तर किती जातील आणि कागद दाखवून सोडवता येईल का?" डावीकडच्या रकान्यात दाखवायला कागदच नसतो, हे लिहितानाच तुमच्या लक्षात येईल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत आयईसीचा अर्ज भरून ठेवा!