विश्लेषण : सिकलसेलच्या रुग्णाला ‘पाणी पीत राहा’ असं का सांगतात?

राज्यातल्या ज्या जिल्ह्यांमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात, त्यात पूर्व विदर्भातला गोंदियाही आहे. इथे ज्या घरात रुग्ण आहे, तिथे एक सूचना सगळ्यांना पाठ असते : पाणी पीत राहा. मे महिन्याच्या उन्हात, शाळेत, रोवणीच्या दिवसांत शेतावर, सगळीकडे. ऐकायला हा वडीलधाऱ्यांचा नेहमीचा सल्ला वाटतो. पण त्यामागचं कारण लाल रक्तपेशीच्या पातळ पडद्यात, म्हणजे पेशीपटलात आहे.

आधी आजार समजून घेऊ. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक घटक बदललेला असतो. अशा हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात.

मात्र हे रेणू लगेच चिकटत नाहीत, मध्ये थोडा वेळ जातो. तेवढ्यात पेशी फुप्फुसात परतली, तर तिला पुन्हा ऑक्सिजन मिळतो आणि काही बिघडत नाही. हा वेळ किती मिळणार, ते पेशीत हिमोग्लोबिनची गर्दी किती आहे यावर ठरतं. गर्दी जराशी वाढली तरी तो वेळ कित्येक पटींनी घटतो. म्हणजे पेशीत पाणी किती आहे, हा इथे कळीचा मुद्दा.

पाणी बाहेर जातं कसं?

पेशीपटल हा स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर असतो. ऑक्सिजन त्यातून सहज आरपार जातो. क्षारांना मात्र तिथून वाट नाही, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. पाण्यासाठीही खास दार आहे. ते अमेरिकेच्या पीटर ॲग्रे यांना लाल रक्तपेशींवर काम करतानाच सापडलं आणि त्यासाठी त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाणी क्षारांच्या मागे जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते याच नियमाने. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. एरवी पेशी एक पंप चालवून हा तोल राखते : दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत.

सिकलसेलमध्ये हा तोल बिघडतो. आतल्या काड्यांनी पेशीपटल ताणलं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यामुळे ‘गार्डोस चॅनल’ नावाचं दार उघडतं. पोटॅशियम बाहेर पडतं, त्यापाठोपाठ क्लोराईड आणि मग पाणी. पेशी आक्रसते, गर्दी वाढते आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर वाकते. काही पेशी तर ऑक्सिजन मिळाल्यावरही विळ्याच्याच आकारात राहतात.

मग पाणी प्यायल्याने काय होतं?

पाण्याने हे दार बंद होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण शरीरात पाणी कमी पडलं की पेशीबाहेरचं रक्तद्रव्य खारट होतं आणि पेशीतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं. ते टाळणं आपल्या हातात असतं. त्यात या रुग्णांच्या मूत्रपिंडांना पाणी नीट राखून ठेवता येत नाही. त्यामुळे अशा मुलाला वर्गातून वारंवार लघवीला जावं लागतं. तो बहाणा नसतो, हे शिक्षकांना माहीत असलेलं बरं. आणि वेदना वाढल्या, ताप आला किंवा धाप लागली, तर पाण्यावर विसंबून घरी थांबू नये, रुग्णालय गाठावं.

गार्डोस दारच बंद करणारं ‘सेनिकापॉक’ हे औषधही तपासून झालं. पेशी फुटण्याचं प्रमाण घटलं, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. सध्या जास्त वापरात आहे ते हायड्रॉक्सियुरिया. ते पेशीत बाळाच्या जन्माआधीचं, काड्यांमध्ये न सामील होणारं हिमोग्लोबिन वाढवतं. शिवाय पेशी आकाराने मोठ्या होतात, त्यात पाणीही जास्त राहतं आणि चिकटणाऱ्या रेणूंची गर्दी विरळ होते.