विषारी की बिनविषारी?

पावसाळा लागला की माझ्या फोनवर सापांचे फोटो येऊ लागतात. काल शेजारच्या काकूंनी पाठवला. खाली एकच प्रश्न: विषारी की बिनविषारी?

फोटोत कवड्या होता, बिनविषारी. पण तो विषारी मण्यारसारखाच दिसतो! मण्यारचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेपासूनच ठळक, मग शेपटीकडे विरत जातात. अंधारात हे कळणं कठीण, म्हणून हात लावूच नका.

खरं तर हे दोन कप्पे पुरत नाहीत. हरणटोळ, मांजऱ्या हे निमविषारी. त्यांचे विषदंत जबड्यात मागे असतात. विष पाली-सरड्यांना पुरेसं, माणसाला सहसा सूज येते इतकंच.

विषारी सापही सगळे सारखे नाहीत. नाग-मण्यारचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर काम करतं, घोणस-फुरश्याचं रक्तावर. दवाखान्यातलं प्रतिविष या चौघांसाठीच बनवलेलं असतं. सह्याद्रीतला चापडाही विषारी, पण तो या चौघांत नाही.

मण्यारचा दंश अनेकदा दुखतच नाही. त्यामुळे बिनविषारी समजून माणूस झोपून जातो आणि जीव जातो. साप कुठलाही असो, चावला की थेट रुग्णालय गाठा.

तुमच्या भागात कोणते साप दिसतात? शंका असतील तर जरूर विचारा. फोटो मात्र लांबूनच काढा.