दार लावून घेता का?

जे दुःख शेजारच्या माणसाला सांगवत नाही, ते दूरच्या परक्याला सांगता येते, ही गोष्ट काही आजची नव्हे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ 1927 पासून 1953 पर्यंत चालले. त्यात वाचकांच्या अत्यंत खाजगी प्रश्नांना उत्तरे छापली जात. घरच्या डॉक्टरपुढे ज्या प्रश्नाने जीभ अडखळे, तो प्रश्न पोस्टाच्या पाकिटातून बिनबोभाट मुंबईस जाई. आता पाकिटाची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. 2020 च्या टाळेबंदीत दवाखान्यात जाणे दुरापास्त झाले, तेव्हा मानसोपचाराची बैठक घराघरांतल्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, तरी ती काही परत गेली नाही.

पडद्यावरून बोलायचे म्हणजे नुसत्या गप्पाच की, असे कित्येकांना वाटेल. माझ्या परिचयाच्या एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ पुण्यात हे काम करतात. (हा शब्द आमच्या परिभाषाकारांनी घडवला, तो धडपणे उच्चारता आला तर रुग्ण निम्मा बरा झाला म्हणावे! लोक आपले त्यांना ‘बाई’च म्हणतात.) भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे आणि तो क्रमांक त्या पहिल्याच भेटीत आपण होऊन सांगतात. औषधे लिहून देणे हे त्यांचे काम नव्हे, ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे. ‘समुपदेशक’ अशी पाटी अपुरे शिक्षण घेतलेलेही पुष्कळ लावतात, तेव्हा क्रमांक विचारून घेण्यात कोणी संकोच करू नये.

पहिल्या भेटीत बाई दुःखाचा विषय आधी काढीतच नाहीत. तुम्ही या क्षणी कोठे बसला आहात? पत्ता काय? अडीअडचणीला कोणाला फोन करू? मध्येच संपर्क तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा? एखाद्याला वाटावे, ही पोलिसी चौकशीच झाली. पण समोरचा माणूस उद्या ‘मला आता जगायचे नाही’ असे म्हणाला, तर शेकडो मैलांवरून बाई काही त्याचा हात धरू शकत नाहीत. त्याच्या जवळ कोण आहे, हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे. एवढे झाले, की मग तो प्रश्न येतो: “दार लावून घेता का?”

आणि येथेच आपली मध्यमवर्गीय घरे आडवी येतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सून दार लावून तासभर बोलते म्हटल्यावर सासूबाईंचे कान टवकारणारच. त्यात त्यांचा तरी काय दोष? बंद दार म्हणजे भांडण किंवा आजारपण, हेच आपण लहानपणापासून पाहिलेले. मग कोणी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसते, कोणी इमारतीखाली उभ्या असलेल्या मोटारीत. बाईंनी प्रत्येकीशी एक खूण ठरवून ठेवलेली असते. पलीकडून “पावती मिळाली का?” असे ऐकू आले, की बाई तत्काळ विम्याच्या हप्त्याविषयी बोलू लागतात! आपल्याला हसू येईल. पण जिचा नवरा हात उगारतो, तिच्या दृष्टीने त्या खुणेचे मोल फार आहे.

समोरासमोर बसले असता मौनही बोलते. पडद्यावर माणूस गप्प झाला, की पहिली शंका येते ती इंटरनेट गेल्याची. म्हणून बाई आधीच सांगतात, “मी गप्प असले, तरी इथेच आहे.” शिवाय दिसतो तो चेहरा तेवढा. पायांची चुळबूळ, मुठीत चुरगळलेला रुमाल, हे काही पडद्यावर येत नाही. मग त्यांना विचारावे लागते, “आत्ता हात काय करताहेत?”

मराठीचा अध्यापक म्हणून मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. बंगळूरला नोकरी करणारी एक मुलगी. ऑफिसात, बिऱ्हाडात सारा व्यवहार इंग्रजीत. आपल्याला ‘अँग्झायटी’ आहे, असे तिने बाईंना सांगितले. बाईंनी विचारले, “म्हणजे धास्ती, हुरहूर, की धसका?” मुलगी थबकली. हुरहूर कातरवेळी लागते आणि जाते. धास्ती रोजची असते. धसका एकदाच, कशाने तरी बसतो. “धसका,” ती म्हणाली, आणि मग तो कशाने बसला हे सांगू लागली. एका इंग्रजी शब्दाखाली ते तीन वर्षे झाकून राहिले होते.

परदेशातूनही बाईंना विचारणा होते. पण अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना राज्याराज्यांतून दिला जातो. म्हणून तेथे स्थायिक झालेल्यांना त्या तेथीलच परवानाधारक, शक्य तर मराठी जाणणारा तज्ज्ञ शोधायला सांगतात.

सर्वच दुखणी अशी दुरून हाताळता येत नाहीत. भास होऊ लागले, जेवणखाण सुटले, जीव देण्याचा विचार पक्का होत चालला, तर बाई पडदा बाजूला ठेवून घरच्यांना बोलावतात आणि रुग्णाला डॉक्टरकडे धाडतात. रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल, तर ऑक्टोबर 2022 पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत. फोन लागल्यावर प्रथम भाषा निवडायची असते, आणि तीत मराठी आहे.