लोणारला चढण शेवटी येते!

होळीच्या आसपास मेहकरातल्या कुठल्याही कॉलेज ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'रविवारी लोणार?' सुलतानपूरमार्गे पंचवीसेक किलोमीटर. पेट्रोलला शंभर-शंभर रुपये काढले की झालं. सीझनही देखणा. गवत वाळलेलं, पानं झडलेली, सगळं रान वाळवंटासारखं करपलेलं आणि त्यात मधेच एखादा पळस लालभडक फुललेला. पावसाळ्यात झाडीआड लपणारे पक्षी आता उघड्या फांद्यांवर सहज दिसतात.

गेल्या वर्षी आम्ही सहा जण गेलो. आठला निघायचं ठरलं होतं. मग चहा-पोहे, एकाची बाइक पंक्चर, असं करता करता विवराच्या काठावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सहा जणांत पाण्याच्या तीन बाटल्या. 'ऊन वाढलंय, वरूनच बघू ना,' एक मैत्रीण म्हणाली. 'काही नाही होत बे, उतारच तर आहे!' हे वाक्य माझं.

उतार खरंच सोपा होता. देवळं पाहिली, फोटो काढले, रील झाली. दीड वाजता वर यायला निघालो आणि अर्ध्या वाटेत तीच मैत्रीण एकदम गप्प झाली. खाली बसली, उलटी झाली, अंग घामानं भिजलेलं. बाटल्या कधीच्या रिकाम्या. खाली उतरत असलेल्या एका कुटुंबानं आपलं पाणी दिलं. ओढणी भिजवून तिच्या मानेवर ठेवली, सावलीत अर्धा-पाऊण तास बसवलं, तेव्हा कुठे ती उठली. या सगळ्या गडबडीत खाऊची पिशवी तिथेच राहिली, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. आपल्याला सवय किल्ल्यांची. तिथे सकाळच्या गारव्यात चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. लोणार म्हणजे उलटा किल्ला. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा वाडगा. म्हणजे पन्नासेक मजल्यांची उंची तुम्ही आधी उतरता आणि दमलेले, तहानलेले असताना, डोक्यावर ऊन घेऊन पुन्हा चढता. त्यात हा बेसाल्टचा काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. झाडांना पानं नाहीत, म्हणजे सावलीही कमी. किल्ल्यावर 'दमलो, चला परत' म्हणता येतं. इथे दमल्यावरच खरी परीक्षा सुरू होते.

म्हणून आता आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे. वेळ आणि पाणी, दोन्हींचा हिशोब चढणीपासून मांडायचा. नऊ-साडेनऊला वर पोचायचं असेल तर उजाडताच उतरायला हवं. त्यासाठी अभयारण्यात कधी सोडतात, कुठली वाट सुरू आहे, हे आधीच विचारून घ्यायचं. माणशी दोन लिटर तरी पाणी आणि त्यातलं निम्मं फक्त चढणीसाठी राखीव. सरोवर पाण्यानं भरलेलं दिसतं, पण ते खारट आणि सोड्यासारखं अल्कधर्मी आहे, पिण्याच्या कामाचं नाही. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. डोक्याला रुमाल, पायात बूट. खिशातला कांदा नंतर भेळीत घाला, उन्हापासून तो वाचवत नाही.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की तिथेच थांबायचं. सावली, ओला कपडा, घोट घोट पाणी. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. लगेच 108 ला फोन करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नका. आणि ग्रुपमधला कुणी 'नको' म्हणाला, तर त्याची टर उडवू नका.

राहिली ती पिशवी. पुढच्या रविवारी आम्ही तिघं पहाटे निघून तिच्यासाठी परत गेलो. वानरांनी ती फाडली होती, वेफरची रिकामी पाकिटं झुडपांत अडकलेली. तेव्हा दुसरी गोष्ट समजली. या वाडग्यातून पाणी बाहेर वाहून जायला वाटच नाही. झरे आणि पाऊस आत येतात आणि पाणी फक्त वाफ होऊन जातं. म्हणूनच ते इतकं खारं. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं? पाणी घटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. अशा जागी टाकलेलं पाकीट पुढे कुठे जाणार? कुणी उचलेपर्यंत तिथेच राहणार.

तसंच दगडांचं. अशनीच्या आघातानं बेसाल्टमध्ये तयार झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी, त्यामुळे चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारेही इथे येतात. आठवण म्हणून खडा खिशात टाकू नका. वानरांना बिस्किटं देऊ नका. देवळांच्या छतांना किंवा कड्यांना आग्या मोहोळ दिसलं तर आवाज नको, धूर तर नकोच. आणि सिगारेट, चूल, शेकोटी पूर्ण बंद. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाच्या दृष्टीनं वणव्याचा काळ. पाचोळ्याला एक ठिणगी पुरते.

त्या दिवशी आम्ही तिघांनी एक पोतं भरून कचरा वर आणला. त्यात आमचा थोडा, इतरांचा जास्त. चढताना पोतं जड वाटत होतं, पण नऊच्या आत काठावर होतो आणि बाटल्यांत पाणी शिल्लक होतं. मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला, 'पुढच्या वेळी मी पण येते. पण टायमिंग मी ठरवणार.'

ठरलं. या रविवारी पहाटे पाचला, बसस्टँडसमोर.